साळवेबाई सोडून

साळवेबाईंच्या स्मरणसभेत बाळासाहेब बोलायला उभे राहिले तेव्हा चर्चच्या हॉलमधली लाइट गेली होती. माणसं हातातल्या प्रार्थनेच्या कागदानं वारा घेत होती. बाळासाहेब म्हणजे आमच्या काष्टीतल्या मोठ्या किराणा मार्टचे मालक. एकेकाळी बाईंच्या वर्गात मागच्या रांगेत बसायचे. घाम पुसत ते म्हणाले, "बाईंनी मला अक्षर शिकवलं. ते मी काय फेडणार? पण एक सांगतो. आमच्या दुकानात बाईंनी खाल्लेल्या घासाचं बिल आमी घेतलं न्हाई. शाल घातली त्या दिवसापासून शेवटपर्यंत न्हाई."

लोकांनी माना डोलावल्या. पाळकसाहेबांनीही डोलावली. माझ्या शेजारची म्हातारी पदरानं डोळे टिपत मला म्हणाली, "असा शिष्य मिळायला नशीब लागतं बाई."

मी त्याच दुकानात बिलिंग काउंटरला बसते. बाळासाहेब खोटं बोलत नव्हते. पण त्यांनी सांगितलं ते अर्धं होतं. उरलेलं अर्धं मला माहीत आहे, म्हणून लिहिते. मी बी.कॉम. आहे. आमच्या घरात माझ्या आधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, वडील मार्केट यार्डात हमाली करत. मला नटवून लिहिता येत नाही आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. पाहिलं ते सांगते.

साळवेबाई ठेंगण्या होत्या. बारीक काठाचं सुती पातळ, पायात कापडी बूट आणि बारा महिने हातात छत्री. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी बोलताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायची सवय गेली नव्हती, जणू खडूची पूड झटकतायत. आवाज मात्र त्या देहाला न शोभणारा. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाच्या पोराला त्यांनी नुसतं "हं?" म्हटलं तरी पोरगं झाडावरून खाली उतरायचं.

बाईंना रांग फार प्रिय. शाळेत पाण्याच्या टाकीपाशी रांग मोडली की त्या मोडणाऱ्याला शेवटी नेऊन उभं करत, मग तो सरपंचाचा पोरगा असो नाहीतर शिपायाचा. पुढं त्या म्हाताऱ्या झाल्यावर माणसं आपणहून म्हणायची, "बाई, या की पुढं, तुमी कशाला रांगेत?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "का? माझी तव्यावर भाकरी जळतीय का?" मतदानाच्या दिवशी पोलिसानं त्यांना हाताला धरून पुढं नेलं, तर त्या त्याच्या हातातून हात सोडवून घेऊन मागं आल्या आणि आपल्या जागेवर उभ्या राहिल्या. पुढच्या बाईला म्हणाल्या, "मीच होते ना गं तुझ्या मागं?" म्हाताऱ्या माणसाला पुढं सोडणं हा मान आहे, असं सगळ्यांना वाटतं. बाईंना तो रांगेतून हाकलल्यासारखा वाटायचा.

आम्ही चौथीत असताना वजन-मापं शिकवायला त्यांनी आमचा वर्ग आठवडे बाजारात नेला होता. काष्टीचा बाजार तेव्हाही मोठा. बैलांचा एका अंगाला, धान्याचा दुसऱ्या. एका शेतकरणीपुढं भुईमुगाच्या शेंगांचा ढीग होता. सविता नावाच्या आमच्यातल्या मुलीनं चव बघायची म्हणून त्यात हात घातला आणि मूठ भरून काढली. बाईंनी तिची मूठ सगळ्यांसमोर उघडली. शेंगा परत ढिगावर पडल्या. दोनच हातात राहू दिल्या.

"चव बघायला दोन बोटं पुरतात," त्या म्हणाल्या. "मूठ भरली की ती चव नाही, जेवण झालं."

शेतकरीण ओशाळली. "राहू द्या वो बाई, लेकरू हाय."

"लेकरू आहे म्हणून तर आत्ता सांगते. मोठी झाल्यावर तिला कोण सांगेल?"

मग त्या उन्हातच उभं राहून बाईंनी आम्हाला चव बघायची रीत सांगितली. गणिताच्या तासाला हे कुणी शिकवत नाही. घरून खाऊन बाजारात यायचं, उपाशी पोटी चव घ्यायची नाही, कारण उपाशी माणसाला सगळंच गोड लागतं आणि हात आवरत नाही. घ्यायचं नसेल तर चव मागायची नाही. चव घेऊन माल पसंत पडला नाही तर तोंड वेंगाडायचं नाही, सरळ सांगायचं की मावशी, दुसरीकडं बघून येते. आणि एकाच ढिगाची दोनदा चव घ्यायची नाही. "दुसऱ्यांदा घेतलीस," बाई म्हणाल्या, "तर पहिल्यांदा खोटं बोललीस." आमच्यापैकी निम्म्या मुलींना आजही बाजारात शेंग उचलताना बाईंचा आवाज ऐकू येतो. सविता आता पुण्याला असते. तीही असंच सांगते.

बाईंचे यजमान साळवे सर हायस्कूलला होते. उंच, सावकाश चालणारे, सावकाश बोलणारे. दोघं एकमेकांना घरातही सर आणि बाई म्हणत. मूलबाळ नव्हतं. चर्चच्या मागं दोन खोल्यांचं घर, पुढं ओटा, ओट्यावर तुळस नाही पण गवती चहाचं मोठं बेट. नाताळात करंज्यांचे डबे घेऊन सर घरोघर फिरत आणि प्रत्येक दारात इतका वेळ थांबत की शेवटच्या घरी करंज्या पोचेपर्यंत नवं वर्ष उजाडतं, असं बाई म्हणायच्या.

बारावीचा निकाल सांगायला मी त्यांच्याकडं गेले तेव्हा दोघं जेवायला बसत होती. मलाही बसवलं. सरांनी डोळे मिटून जेवणाआधीची प्रार्थना धरली. आधी अन्नाबद्दल आभार. मग माझ्या निकालाबद्दल. मग माझ्या वडिलांच्या पाठीसाठी, मग घोड नदीच्या कालव्याच्या पाण्यासाठी, मग कलेक्टरांना सद्बुद्धी मिळावी म्हणून. मी एक डोळा उघडला तर बाईंचाही एक डोळा उघडा. त्यांचा हात भाकरीच्या टोपल्यावर.

"सर, भाकरी गार व्हायली. देवाला आपलं गाव माहीत आहे."

सरांनी डोळे न उघडता पुढं चालू ठेवलं, "आणि हे प्रभो, बाईंना धीर दे."

मग मी हसले, बाई हसल्या आणि डोळे मिटलेलेच असताना सरही हसले. जेवताना सरांचा घास सावकाश. बाईंचं आधी व्हायचं, पण त्या उठत नसत. रिकाम्या ताटात बोटानं रेघा ओढत सरांचं संपेपर्यंत बसून राहत. मला तेव्हा वाटलं, हात वाळतोय, उठत का नाहीत.

सर गेले ते झोपेतच. त्यानंतर बाई बारीक व्हायला लागल्या. आधी लोकांना वाटलं दुःखानं. मग वाटलं काही आजार असेल. श्रीगोंद्याला डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं, काही निघालं नाही. बाई दुर्बिणीबद्दल सगळ्यांना सांगत, निकालाबद्दल एवढंच म्हणत, "घसा पास झाला."

त्याच सुमारास बाळासाहेबांनी जुनं किराणा दुकान पाडून मार्ट उघडलं. गावात त्याला सगळे मॉल म्हणतात. काचेचं दार, आत रॅकच्या गल्ल्या, हातात बास्केट घ्यायची आणि आपलं आपण फिरायचं. दारात तात्या, कारखान्यातून निवृत्त झालेले, निळा सदरा घालून स्टुलावर. मी काउंटरला. जुन्या दुकानात फळीच्या अलीकडं उभं राहून यादी सांगायची आणि शेठ आतून काढून द्यायचा. तिथं माणूस उगाच थांबू शकत नसे. बाई पहिल्याच दिवशी आत फिरून आल्या आणि मला म्हणाल्या, "छान आहे गं. इथं कुणी 'काय पाहिजे' म्हणून विचारत नाही. म्हणजे कितीही वेळ राहता येतं."

आणि मग एक दिवस दुपारी, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना, डाळींच्या रॅकपाशी उभं राहून बाईंनी बिस्किटांचा पुडा फोडला.

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तात्यांकडं पाहिलं. ज्या बाईनं सविताची मूठ उघडली होती, ती बाई बिल न करता बिस्किट खात होती. शेजारी तूरडाळ निवडणाऱ्या बाईला विचारत होती, "मागच्या वेळची कशी निघाली गं? शिजली?" ती सांगत होती, बाई ऐकत होत्या, ऐकता ऐकता एक बिस्किट संपत होतं. मग साखरेपाशी दुसरं कुणीतरी. मग साबणांपाशी. पुडा संपला तेव्हा त्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा नंबर आला तसा रिकामा कागद माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "आधी याचं कर. हे पोटात गेलंय. पिशवीतलं अजून परत घेता येईल तुला."

पुढं ते रोजचं झालं. पण बाई ते काही मनाला येईल तसं करत नव्हत्या. बाजारातल्या चवीची जशी रीत होती तशी या खाण्याचीही त्यांनी रीत बसवली होती. वजनावर मिळणारं कधी खायचं नाही. फुटाणे नाही, खजूर नाही, केळ तर नाहीच. "पोटातल्याचं वजन कसं करशील?" पुड्यावर किंमत छापलेली हवी, आणि तेवढे पैसे पुडा फोडायच्या आधी पिशवीतून काढून डाव्या मुठीत धरायचे. लहान मूल आईकडं हट्ट करत असेल आणि आई नाही म्हणत असेल, तर त्या गल्लीत खात उभं राहायचं नाही. सांडायचं नाही. एकदा खारीचा चुरा सांडला तर बाईंनी तात्यांकडून झाडू मागून घेतला. तात्या म्हणाले, "बाई, मी कशाला हाय?" बाई म्हणाल्या, "तुम्ही चोर धरायला आहात. मी फक्त सांडलंय."

एक दिवस दुपारी लाइट गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला. रांग थांबली. बाई माझ्या पुढ्यात होत्या, हातात अर्धा पुडा. मी विचारलं, "बाई, घरी चहाबरोबर खात जा की निवांत. असं उभ्यानं कशाला?"

बाईंनी अंगठ्यावर बोट घासलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "घरी उतरत नाही गं. भाकरी करते, ताटात घेते, समोर बसते. घास घशाशी येऊन थांबतो. पाण्यानं लोटला तर उलटून पडतो. इथं माणसं हालतात, बोलतात, कुणी माझ्याकडं बघत नाही, तेव्हा नकळत खाली जातो."

"मग शेजारी जात जा ना. कुणीही ताट वाढेल तुम्हाला."

"वाढेल. म्हणूनच जात नाही. जेवायच्या वेळेला रोज कुणाच्या दारात जाऊन बसायचं? त्याला काय म्हणतात ते तुला माहीत आहे." मग त्यांनी पुड्यातलं एक बिस्किट काढलं आणि माझ्या कीबोर्डाकडं बघत म्हणाल्या, "पाहुणी एक दिवस असते, मंगल. गिऱ्हाईक रोज असतं."

लाइट आली. मी पुड्याचं बिल केलं. तेव्हापासून मला कळलं होतं की ही बाई आमच्या दुकानात दुपारचं जेवते, आणि हे एकच जेवण तिच्या अंगी लागतं. त्या आता नुसत्या बिस्किटांवर नव्हत्या. कधी राजगिऱ्याच्या वड्या, कधी दह्याचा डबा आणि पिशवीत घरून आणलेला चमचा. अंगावर थोडं मांसही दिसायला लागलं होतं.

पण बाईंना बघून इतरांनाही जोर आला. गल्ल्यांमध्ये वेफर्सची रिकामी पाकिटं सापडायला लागली. कपड्याच्या साबणामागं थंड पेयाची बाटली, डायपरच्या गठ्ठ्यात चॉकलेटचे कागद. एके दिवशी तात्यांनी एका कॉलेजच्या पोराला धरलं. त्यानं ज्यूस पिऊन डबा तांदळाच्या पोत्यामागं टाकला होता.

पोरगं उलट तात्यांवरच तडकलं. "त्या बाईंचं चालतंय रोज. आमचं का न्हाई? आमी काय गावाबाहेरचे हाय का?"

बाई तिथंच होत्या. तोंडातलं गिळून त्याच्यापुढं गेल्या. त्यांचं डोकं जेमतेम त्याच्या छातीशी लागत होतं. "प्यायलास ते ठीक. रिकामा डबा कुठं आहे?"

पोरानं पोत्याकडं नजर टाकली.

"रिकामा डबा उजळ माथ्यानं काउंटरवर आणायचा असतो. लपवायचं होतं तर प्यायलास कशाला? चव तरी लागली का भीतीत?"

सगळे हसले. पोरानं डबा आणून दिला, पैसे दिले आणि जाताना बाईंच्या पाया पडून गेलं. त्याला वाटलं गोष्ट मिटली. मलाही वाटलं.

बाळासाहेबांनी मात्र आतल्या केबिनमधून कॅमेऱ्यात सगळं पाहिलं होतं. त्यांना नियम करणं भाग होतं, ते मलाही मान्य. पण ज्या बाईनं हाताला धरून पाटी गिरवून घेतली तिला 'खाऊ नका' कसं सांगणार? त्यावर त्यांनी जो उपाय काढला तो आमच्याच गावात सुचू शकतो.

शिक्षक दिनाला दुकानात मंडप घातला. दारात रांगोळी. बाईंना घरून गाडीत बसवून आणलं. शाल, श्रीफळ, गुलाबाचा हार. गावातले चार पुढारी, फोटोवाला. बाळासाहेबांनी भाषण केलं आणि भाषणाच्या शेवटी भिंतीवरचा पडदा ओढला. आत नवा बोर्ड होता. लाल अक्षरात लिहिलं होतं : बिल करण्याआधी दुकानातील माल खाऊ नये. आणि खाली कंसात, थोड्या बारीक अक्षरात, (साळवेबाई सोडून).

टाळ्या पडल्या. बाळासाहेब मनापासून बोलत होते, ते नाटक नव्हतं. "बाई," ते म्हणाले, "आजपासून ह्या दुकानात तुमाला जे वाटंल ते खावा. तुमच्या घासाचं बिल करायचं न्हाई. मंगल, ऐकतीस ना? बाईंच्या खाण्याचं बिल करायचं न्हाई."

बाईंनी हात जोडले. "मोठा झालास बाळू," एवढंच म्हणाल्या. फोटो झाले. मंडळी चहाकडं वळली तसं मी पाहिलं, बाई हार काढून ठेवून डाळींच्या रॅककडं गेल्या. एक बिस्किटांचा पुडा उचलला, पिशवीतून पैसे काढले आणि पुडा न फोडता माझ्याकडं आल्या. पुडा आणि पैसे माझ्यापुढं ठेवले. बहुतेक त्यांना खात्री करून घ्यायची होती.

बाळासाहेबांनी लांबून पाहिलं आणि हसत हात हलवला. "न्हाई न्हाई न्हाई! बाई, काय हे? मंगल, पैसे परत दे त्यांचे."

बाईंनी पैसे परत घेतले. पुडा घेऊन सावकाश चालत डाळींच्या रॅकपाशी गेल्या, जिथला होता तिथं तो ठेवला, ओळीत सरळ केला आणि शाल सावरत घरी गेल्या.

त्यानंतर त्या दुकानात येत, पण तेल, मीठ, साबण घेत आणि लगेच जात. त्याचं बिल आम्ही करत होतो, कारण ते खाणं नव्हतं. दुकानात त्यांनी पुन्हा एक कणही तोंडात घातला नाही. बोर्ड बघून लोक मात्र त्यांना आग्रह करायचे. "बाई, खावा की, तुमाला तर माफ हाय!" नवीन गिऱ्हाइकं बोर्ड वाचून विचारायची, "साळवेबाई कोण?" आणि कुणीतरी बोट दाखवायचं. मग सगळी गल्ली वळून बघायची. जिथं त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं ती गावातली एकच जागा होती.

मी एकदा हळूच म्हटलं, "बाई, तुम्ही खा. मी गुपचूप बिल करत जाईन. साहेबांना कळायचं नाही."

त्यांनी माझ्याकडं चौथीतल्यासारखं पाहिलं. "गुपचूप? म्हणजे आता मी चोरून पैसे देऊ?"

"मग एसटी कशी चालते फुकट?" मी चिडूनच बोलले. पंचाहत्तरी झाल्यापासून त्यांना तिकीट नव्हतं.

"एसटी काय मला एकटीला फुकट आहे? सगळ्या म्हाताऱ्यांना आहे. आम्ही सगळ्या एका बाकावर बसतो." त्यांनी बोर्डाकडं मान केली नाही, पण बोलल्या बोर्डाबद्दलच. "तिथं फक्त माझं नाव आहे."

मग मी बाळासाहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "साहेब, बाईंचं बिल करू द्या."

"का? तक्रार हाय त्यांची?"

"तक्रार नाही. पण त्या आता खात नाहीत."

"मग खावं की! कोण आडवलंय? मी तर बोर्ड लावलाय."

"बोर्डच काढा."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मंगल, तू शिकलेली हायस. साऱ्या गावापुढं शाल घातलीय मी. उद्या बिल लावलं तर लोक काय म्हणतील? बाळ्यानं गुरूकडनं बिस्किटाचे पैसे घेतले. तोंड काळं व्हईल माझं." आणि त्याच दिवशी त्यांनी तात्यांबरोबर बाईंच्या घरी खाऊची मोठी पिशवी पाठवली. बाईंनी ती तशीच चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या मुलांना वाटून टाकली. बाळासाहेबांना ते कळलं तेव्हा त्यांचा आदर आणखी वाढला. माणूस चांगला होता, त्याचं काय करणार?

शेवटी मी बाईंना आमच्या घरी जेवायला बोलावलं. एक दिवसाची पाहुणी म्हणून त्या आल्या. आईनं पुरणपोळी केली. वडिलांनी धुतलेला सदरा घातला. बाईंच्या ताटाभोवती रांगोळी काढली आणि आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. आई म्हणत होती, "घ्या वो बाई. अजून एक. तूप घ्या. आमच्या मंगलला तुमी माणूस केलं." वडील म्हणत होते, "लई दिवसांनी बाईंचे पाय लागले." सगळ्यांचे डोळे बाईंच्या हाताकडं. बाईंनी पोळीचा घास मोडला, तोंडात घातला, आणि मला त्यांचा गळा दिसत होता. तो हलला नाही. त्या बराच वेळ चघळत राहिल्या. मग उठून मोरीकडं गेल्या. परत आल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर हसू. "फार गोड झालीय," आईला म्हणाल्या. उरलेल्या पोळ्या आईनं डब्यात बांधून दिल्या.

त्या पुन्हा बारीक झाल्या. पातळाच्या निऱ्या पोटावर फुगून दिसायला लागल्या. एकदा काउंटरपाशी पिशवी उचलताना त्यांचा तोल गेला, तात्यांनी धरलं. रिक्षा बोलवू का विचारलं तर म्हणाल्या, "पाय आहेत अजून."

मग हिवाळ्यात कधीतरी माझ्या लक्षात आलं की त्या जरा सावरल्यात. चालणं सरळ झालं होतं. मला बरं वाटलं. आठवड्यातले बरेच दिवस त्यांच्या घराला दुपारी कुलूप असायचं. शेजारचे म्हणत, चर्चच्या कामाला जातात. पाळकसाहेब म्हणत, बहिणीकडं जात असतील पारनेरला. त्यांना बहीण होती का, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. विचारलं तर त्या म्हणायच्या, "हवापालट."

मिरजगावला माझ्या मावसबहिणीच्या बाळाचं बारसं होतं. दुपारी एसटीतून उतरले आणि बाळाला काहीतरी न्यावं म्हणून हायवेलगतच्या एका दुकानाच्या दारापाशी गेले. आमच्यासारखंच होतं, रॅकच्या गल्ल्या, काचेचं दार, आत बाजारच्या दिवसाची गर्दी. अर्धवट उघडं दार ढकलणार एवढ्यात आतून आवाज आला.

"ओ आजी! तुमचं बिल कोण करणार, नातू व्हय?"

काउंटरवरची मुलगी ओरडत होती. वीस-बावीसची असेल, केसांना मोठी क्लिप. आणि तेलाच्या डब्यांपाशी छत्री काखेत धरून, हातात फोडलेला पुडा घेऊन साळवेबाई उभ्या होत्या.

"नातू असता तर तुझ्या दुकानात उभ्यानं कशाला खाल्लं असतं गं भवाने?"

दुकान हसलं. एक टोपीवाला म्हातारा तर खोकायला लागला. मुलगी पण हसली, पण ऐकेना. "त्ये मला म्हाईत न्हाई. आधी पैसे टाका हितं, मग खावा. रोजचं झालंय तुमचं!"

"टाकते की. पळून जायला माझे पाय काय हरणाचे आहेत?" बाई काउंटरपाशी गेल्या, मूठ उघडून पैसे ठेवले. मुलीनं ते गल्ल्यात टाकले आणि त्यांच्याकडं वर न बघताच पुढच्या गिऱ्हाइकाचं सामान ओढून घेतलं. बाई परत तेलापाशी आल्या. हळदीचं पाकीट हातात धरलेल्या कुण्या बाईला म्हणाल्या, "ही हळद रंगाला बरी आहे का गं?" ती काहीतरी सांगायला लागली. बाई ऐकत होत्या. मला काचेतून त्यांचा गळा दिसत होता. एक घास खाली गेला. मग दुसरा.

मी दाराच्या मुठीवरचा हात काढला. आत गेले असते तर तोंडातून "बाई" निघालं असतं, आणि मग त्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलं असतं, कोण हो ह्या? मी शेजारच्या दुकानातून बाळाला टोपडं घेतलं. ते घेऊन परत फिरताना पुन्हा एकदा काचेतून आत पाहिलं.

एक दांडगी बाई तेलाचा डबा काढायला आली होती. कोपरानं ढोसत ती म्हणत होती, "सरका की वो जरा म्हातारे, मधीच काय उभ्या ऱ्हायलाय."

साळवेबाई खात खातच सरकल्या.